भूतजाळ्यांतून घडलेली कासवे : टाकाऊ प्लास्टिकच्या कलेचा एक इतिहास

प्रस्तावना

टाकाऊ प्लास्टिकपासून समुद्री जीवांची शिल्पे घडवण्याची कला आज अनेक देशांत दिसते. ती शहरी कलावंतांची आणि केवळ जनजागृतीसाठी जन्मलेली आहे, असे सहसा गृहीत धरले जाते. उत्तर ऑस्ट्रेलियातील उदाहरण हे गृहीतक तपासायला लावते.

साहित्याचा इतिहास

पूर्वी मासेमारीची जाळी सूत, ताग अशा वनस्पतिजन्य धाग्यांची असत. समुद्रात हरवलेले जाळे कालांतराने कुजून जाई. १९३५ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांनी नायलॉन तयार केले. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम धाग्यांनी जगभरच्या, आणि पुढे आपल्या कोकणच्याही, जाळ्यांची जागा घेतली. हा धागा हलका, मजबूत आणि न कुजणारा होता. मच्छीमाराला लाभलेला हाच गुण जाळे सुटल्यावर घातक ठरला. बेवारस जाळे वाहत राहते आणि मासे, कासवे अडकवत राहते. म्हणून त्याला ‘भूतजाळे’ म्हणतात.

किनारा आणि माणसे

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील कार्पेंटारियाच्या आखातात वारे आणि चक्राकार प्रवाह अशी जाळी ओढून आणतात. त्यांतील बरीचशी जाळी परदेशी मासेमारीतली असतात. याच पाण्यात समुद्री कासवांचा वावर आहे. २००४ पासून ‘घोस्टनेट्स ऑस्ट्रेलिया’ या उपक्रमातून किनाऱ्यावरील आदिवासी समाज जाळी गोळा करू लागले. मग प्रश्न आला : या ढिगाचे करायचे काय?

उत्तराचा एक भाग जुन्या हस्तकौशल्यातून मिळाला. पानांच्या आणि झाडाच्या तंतूंच्या टोपल्या, चटया विणणाऱ्या हातांनी जाळ्यांचे दोर उसवले, तारेच्या सांगाड्यावर गुंडाळले आणि शिवले. टोरेस सामुद्रधुनीतील एरुब बेटावरचे कलाकार या कामासाठी विशेष ओळखले जातात. कासव, मासे हे त्यांच्यासाठी शोभेचे विषय नाहीत. अन्न, कुळाची ओळख आणि पूर्वजांच्या कथा त्यांच्याशी जोडलेल्या आहेत. २०१६ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयातील ‘ताबा नाबा’ प्रदर्शनात ही शिल्पे पोहोचली.

मूल्यमापन

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे तीन मुद्दे लक्षात घ्यावेत. पहिला, शिल्पातील दोर हा पुरावाही आहे. जाळ्याच्या गाठी, पीळ आणि छिद्रांच्या मापावरून ते कोणत्या प्रकारच्या मासेमारीतले असावे याचा अंदाज बांधता येतो. दुसरा, तंत्र जुने आणि साहित्य नवे असल्याने ‘परंपरा’ आणि ‘आधुनिकता’ यांची काटेकोर विभागणी येथे टिकत नाही. तिसरा मुद्दा अवघड आहे. शिल्पांत वापरले जाणारे जाळे एकूण कचऱ्याच्या मानाने अत्यल्प असते. कला जाळी थांबवत नाही. ती थांबवायची तर मासेमारीचे नियमन आणि बंदरांवर जुनी जाळी जमा करण्याची सोय लागते.

मग या कलेने काय साधले? ज्यांनी जाळी टाकली नाहीत, त्यांच्याच दारी ती आली. त्यांनी ती उचलली, त्यातून उत्पन्न मिळवले आणि आपल्या समुद्राची गोष्ट स्वतःच्या भाषेत जगापुढे मांडली. कचऱ्याचा इतिहास लिहिताना तो कोणी केला याबरोबरच तो कोणाला उचलावा लागला, हेही नोंदवले पाहिजे.

विचारासाठी प्रश्न

तुमच्या परिसरातील एखादी टाकाऊ वस्तू निवडा. ती कोठे बनली, कोणी वापरली आणि आता ती कोण उचलते, याचा मागोवा घ्या.