पंधरा दिवस आश्रमात, पंधरा दिवस गावात

एमबीबीएसला नंबर लागला की पोरांना कधी एकदा ॲप्रन चढवतो असं होतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत मात्र आधी हातात येतो झाडू. नवी बॅच पहिले पंधरा दिवस बापूंच्या आश्रमात मुक्कामाला असते. सफाई, सूतकताई, श्रमदान, सर्वधर्म प्रार्थना आणि आपलं ताट आपणच घासायचं. शरीरशास्त्र त्यानंतर.

१९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ६० विद्यार्थी घेऊन संस्था सुरू झाली. संस्थापक डॉ. सुशीला नय्यर, इथल्या लोकांच्या ‘बडी बहनजी’. आगाखान पॅलेसच्या बंदिवासात त्या गांधीजींसोबत होत्या. १९४४ मध्ये कस्तुरबा तिथंच गेल्या. त्यांच्या नावाचं सेवाग्रामचं रुग्णालय बायका-मुलांसाठी अवघ्या १५ खाटांवर सुरू झालं आणि पुढे त्याच्याच आधाराने हे कॉलेज उभं राहिलं. केंद्रात आरोग्यमंत्री राहिलेल्या सुशीलाबाईंना मोठ्या शहरात कॉलेज काढणं काही अवघड नव्हतं. त्यांनी वर्ध्याजवळचं हे खेडं धरून ठेवलं.

‘मेडिकल ह्युमॅनिटीज’, म्हणजे वैद्यकातली मानव्यविद्या, हा शब्द आपल्याकडे बराच उशिरा रुळला. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये २००९ साली त्यासाठी गट स्थापन झाला. नाटक, कविता, रुग्णकथा यांना तिथं जागा मिळाली. सेवाग्रामने हा शब्द न वापरताच काम चालवलं होतं. पहिल्याच वर्षी प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, पंधरा दिवस तिथं राहते. एकेका विद्यार्थ्याकडे चार-पाच घरं. हिमोग्लोबिन तपासायचं, बाळांची वजनं घ्यायची, हे तर आलंच. पण रक्त कमी का, हे विचारायला गेलं की घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, हे दिसतं. गोळी वेळेवर का घेतली नाही, याचं उत्तर निंदणाच्या दिवसांत सापडतं. देशभरातून आलेल्या या मुलांना त्यासाठी आधी मराठी, तीही वऱ्हाडी वळणाची, कानावर घ्यावी लागते. माझ्या मते खरी मानव्यविद्या इथं सुरू होते. आजाराची हकीकत रुग्णाच्या बोलीत ऐकण्यापासून.

सगळंच साधलं असं नाही. प्रवेशपरीक्षेत गांधी विचारांचा स्वतंत्र पेपर असायचा. त्यासाठी किती जणांनी मनापासून वाचलं आणि किती जणांनी घोकलं, कोण सांगणार? सक्तीची खादीही अंगावर चढते तितक्या सहज मनात उतरत नाही. देशभरासाठी एकच ‘नीट’ परीक्षा आली आणि गांधी विचारांचा तो पेपर गेला. तरी मला त्याची हळहळ वाटते. निदान काही पोरांनी तेवढ्यासाठी का होईना, जीवशास्त्राबाहेरचं पुस्तक उघडलं असेल.

२०१९ पासून देशभर नवा अभ्यासक्रम आला. सुरुवातीला फाउंडेशन कोर्स आणि वृत्ती, नीती, संवाद यांचा ‘ॲटकॉम’ विषय. २०२२ मध्ये कुटुंब दत्तक योजनाही आली. सेवाग्राममध्ये हे कित्येक बॅचेसच्या अंगवळणी पडलेलं होतं. बाकीच्या महाविद्यालयांना एवढीच विनंती की ही योजना बसने जाऊन फॉर्म भरून आणण्यापुरती ठेवू नका. पहिल्या वर्षी पोरांना पंधरा रात्री तरी गावात काढू द्या.