‘बार्शी रोड’ची कुळकथा

टेंभुर्णी हे नाव झाडावरून आले आहे. ज्याच्या पानांत विडी वळतात, तेच हे झाड. टेंभुर्णीकर आजही गाडी धरायला वीसेक किलोमीटरवरच्या कुर्डुवाडीला जातो. त्या स्थानकाचे जुने नाव मात्र ना झाडाचे, ना वाडीचे. ते होते ‘बार्शी रोड’. बार्शी तिथून पस्तीस किलोमीटर दूर! पाटीवर गाव एक, फलाट दुसऱ्याच गावात. माझे म्हणणे असे, की या दोन शब्दांत त्या काळच्या रेल्वेचा सगळा हिशेब लिहिलेला आहे.

यातला ‘रोड’ ग्रँट रोड किंवा चर्नी रोडमधला नव्हे. मुंबईतली ती नावे शेजारच्या रस्त्यांची आहेत. बार्शी रोडचे गोत्र नाशिक रोडचे: गाव आडबाजूला, इथे उतरा आणि पुढची वाट धरा. कोणी म्हणेल, रूळ इथेच संपत होते, म्हणून हे नाव पडले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची गाडी ऑक्टोबर १८५९ मध्ये दिक्सळहून इथवर आली, जानेवारी १८६० मध्ये मोहोळला आणि जूनमध्ये सोलापूरला पोहोचली. म्हणजे जेमतेम तीन महिने हे खरोखरच शेवटचे स्थानक होते. पण दिक्सळ आणि मोहोळही काही काळ शेवटचीच स्थानके होती, आणि त्यांना ‘रोड’ चिकटला नाही. तेव्हा हा तर्क टिकत नाही. कुर्डुवाडी लहान होती म्हणून मोठ्या गावाचे नाव दिले, हा तर्क अधिक बळकट आहे. तरीही प्रश्न उरतोच: मग पंढरपूर का नाही? नावलौकिकात बार्शी पंढरपूरच्या पासंगालाही पुरत नव्हती. पंढरपूर पंधराएक किलोमीटर अधिक लांब, हे खरे. पण पायी वारी करणाऱ्या मुलखात तेवढ्या अंतराने नाव ठरत नसते. माझ्या मते नाव ठरवले मालाने. बालाघाटावरचा, निजामाच्या मुलखातला कापूस आणि गळिताची धान्ये घाट उतरून बार्शीच्या बाजारात येत, आणि कंपनीचे डोळे त्या गाड्यांवर होते.

पुढचा इतिहास याच बाजूने साक्ष देतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे बांधली, ती १८९७ मध्ये आधी बार्शीला गेली. विठोबाच्या गावाला गाडी मिळायला १९०६ उजाडले. आधी बाजार, मग देऊळ. नावातला क्रम रुळांनीही पाळला. आणि बार्शीला स्वतःचे स्थानक मिळाले, त्याच दिवशी ‘रोड’चे काम संपले. आता बार्शीची वाट दाखवायला पाटीची गरज नव्हती, रूळच तिथे नेत होते. नाव त्यानंतरही काही काळ टिकले, ते केवळ सवयीने. शेवटी वाडीचेच नाव पाटीवर चढले, आणि ते रास्तच झाले. ज्या जमिनीवर फलाट उभा आहे, तिचे नाव तिला परत मिळाले.