धुरातले गंधक : डहाणूची अठरा वर्षे

१/ वाशीम जिल्ह्यात औष्णिक वीजकेंद्र नाही; शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला आहे. सोयाबीन पेरताना वाशीमचा शेतकरी सिंगल सुपर फॉस्फेटचे पोते आणतो, तेव्हा स्फुरदाबरोबर सुमारे ११ टक्के गंधकही विकत घेतो. कोळशातले गंधक मात्र धुराड्यातून हवेत जाते. ते धुरातून काढून घेण्याची विद्या महाराष्ट्रात कधी आली आणि किनाऱ्यावरच का थांबली, त्याची ही हकिकत.

२/ आधी थोडे रसायन. आपल्या कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का. म्हणजे टनामागे ५ किलो. जळताना त्याचा प्राणवायूशी संयोग होऊन सुमारे १० किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो. हा वायू आम्लधर्मी असल्याने अल्कधर्मी पाण्याने धुता येतो. चुनखडीच्या निवळीने धुतला तर शेवटी जिप्सम हाती लागते. समुद्राच्या पाण्याने धुतला तर त्यातील बायकार्बोनेट आम्ल शोषून घेते व गंधकाचे सल्फेट होते, जे समुद्रात मुळातच विपुल असते. या यंत्रणेचे प्रचलित नाव एफजीडी.

३/ कल्पना जुनी आहे. लंडनमध्ये बॅटरसीचे वीजकेंद्र १९३३ साली सुरू झाले, तेव्हा शहराच्या मध्यभागी एवढा धूर सोडण्यास विरोध झाला होता. म्हणून तेथे थेम्सच्या पाण्याने धूर धुण्याची व्यवस्था केली गेली. दुसऱ्या महायुद्धात ती बंद ठेवावी लागली, कारण धुतलेल्या धुराचा पांढरा पट्टा शत्रूच्या विमानांना दिसला असता!

४/ भारतात ही यंत्रणा प्रथम आली ती मुंबईत. तुर्भे येथील टाटांच्या केंद्रातील ५०० मेगावॅटच्या पाचव्या संचाला १९८८ साली समुद्राच्या पाण्यावर चालणारे एफजीडी जोडले गेले. चेंबूर-तुर्भे परिसर आधीच कारखान्यांनी कोंदलेला होता आणि समुद्र दाराशी होता. तंत्र परदेशी खरे, पण ते इथल्या कोळशाला, इथल्या समुद्राला चालते हे तेव्हाच सिद्ध झाले. पुढे ‘जमेल का?’ असा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ उरला नव्हता. प्रश्न खर्चाचा होता.

५/ आता डहाणू. घोलवड-डहाणूच्या चिकूच्या वाड्या, वारली पाडे, मासेमारीची गावे. त्यांच्यामध्ये मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बीएसईएस कंपनीचे ५०० मेगावॅटचे केंद्र आखले गेले. केंद्र सरकारने १९८९ साली परवानगी दिली, त्यात एफजीडीची अट होती. स्थानिक गट न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली प्रकल्प अडवला नाही. पण ही अट परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय, आणि हरकत घेणाऱ्यांना नोटीस दिल्याशिवाय शिथिल करू नये, असे बजावले. माझ्या मते साऱ्या प्रकरणाचा प्राण या एका वाक्यात आहे. खटला हरलेल्यांच्या हाती त्याने पुढच्या लढाईचा कागद दिला.

६/ त्याच वर्षी जूनमध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. १९९५ च्या सुमारास केंद्र सुरू झाले. २७५ मीटर उंचीची चिमणी उभी राहिली, एफजीडी मात्र नाही.

७/ १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. गांधीवादी विचारवंत दादा धर्माधिकारींचे हे पुत्र, मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणि नागपूरचे, म्हणजे आपल्या विदर्भातले. १९९९ साली प्राधिकरणाने एफजीडी बसवण्याचा आदेश दिला. तरी काम हलेना. दरम्यान कंपनी रिलायन्सकडे गेली. २००५ साली प्राधिकरणाने ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली आणि प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचले. अखेर २००७ साली यंत्रणा सुरू झाली. परवानगीतील अटीपासून मोजले तर अठरा वर्षे.

८/ अटीचा कागद १९८९ पासून होताच. तो दर वेळी काढून दाखवणारी माणसे गावात होती, आणि त्यांचे ऐकून घेणारे, तालुक्यापुरतेच नेमलेले एक प्राधिकरण होते. हा योग दुसऱ्या कोणत्याही औष्णिक केंद्राच्या वाट्याला आल्याचे मला दिसत नाही. विदर्भात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, तिरोडा, पारस अशी केंद्रांची रांग आहे. इथे समुद्र नाही हे खरे. पण वणी-कोरपन्याकडे चुनखडी आहे आणि तिच्यावर सिमेंटचे कारखाने चालतात.

९/ देशभरासाठी नियम आला तो ७ डिसेंबर २०१५ रोजी. मुदत दोन वर्षांची होती, ती पुन्हा पुन्हा वाढत गेली. २०२१ साली केंद्रांची अ, ब, क अशी वर्गवारी झाली: दिल्ली परिसर व दशलक्षी शहरांच्या जवळची, प्रदूषित शहरांच्या जवळची आणि उरलेली.

१०/ जुलै २०२५ मध्ये क वर्गाला, म्हणजे देशातील सुमारे ७८ टक्के संचांना, एफजीडीतून सूट मिळाली. अट एवढीच की चिमणी ठरलेल्या उंचीची हवी. कारणे गैरवाजवी नाहीत: आपला कोळसा कमी गंधकाचा, यंत्रणा महाग, आणि ती चालवायलाही वीज व पाणी लागते. पण उंच चिमणीने गंधक कमी होत नाही, फक्त लांब जाते. वाटेत त्याचे बारीक सल्फेट कण होतात आणि ते शेकडो किलोमीटर वाहत जातात. त्यांना जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. डहाणूची चिमणी तर २७५ मीटरची होती. कमी गंधकाच्या कोळशाचा युक्तिवाद तेथेही झाला होता, आणि प्राधिकरणाने तरीही यंत्रणा बसवायला लावली.