कुलाब्यातून दीर्घिकांच्या वायूकडे

पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगला आणि गेटवेजवळचा जुना यॉट क्लब असा प्रवास करून 1962 मध्ये कुलाब्याच्या इमारतीत स्थिरावलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1963 साली गोविंद स्वरूप रुजू झाले आणि त्यांनी कल्याणला ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या 32 लहान तबकड्या मांडून सूर्याचे रेडिओ निरीक्षण आरंभले. या काहीशा काटकसरी सुरुवातीची परिणती नारायणगावजवळ, शहरी रेडिओ-गोंगाटापासून दूर, खोडदच्या 30 तबकड्यांच्या महाकाय दुर्बिणीत झाली.

या दुर्बिणीचा उपयोग झालेले एक कोडे असे: दीर्घिकासमूहांतील, म्हणजे गुरुत्वाने एकत्र बांधलेल्या दीर्घिकांमधील, कोट्यवधी अंश तापलेला वायू क्ष-किरणांवाटे ऊर्जा गमावून निवायला हवा, पण तो अपेक्षेइतका निवत नाही. मध्यवर्ती दीर्घिकेच्या कृष्णविवराजवळून सुटणारे झोत त्यात पोकळ्या पाडून त्याला तापते ठेवतात, असे आज मानले जाते. भुजंगधारी या दीर्घिकासमूहातील अशाच प्रचंड पोकळीत रेडिओ लहरी सोडणारे कण भरल्याचे 2020 मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्या पुराव्यात खोडदच्या नोंदीही होत्या.

विश्वाच्या संगणकीय प्रतिरूपांत कृष्णविवराचा निकट परिसर मावत नसल्याने हे तापवणे ठोकळ नियमांनी घालावे लागते, आणि इथेच खरी अडचण आहे: 2014 च्या ‘इलस्ट्रिस’ या प्रतिरूपात ते इतके जोरकस ठरले की लहान समूहांतील बराचसा वायू बाहेर फेकला गेला, म्हणून पुढच्या ‘इलस्ट्रिस टीएनजी’त तो नियम बदलण्यात आला.