संवाद तोडणारा एक बिट : ‘रीसेट’ची चाळीस वर्षे

१/ इंटरनेटवर दोन संगणकांमधील संवाद दोन प्रकारे संपतो : रीतसर निरोप घेऊन, किंवा मध्येच तोडून. तोडण्याचे काम टीसीपीच्या प्रत्येक पॅकेटवर असलेला एक बिट करतो. त्याचे नाव आरएसटी, अर्थात ‘रीसेट’.

२/ सप्टेंबर १९८१. जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या ‘आरएफसी ७९३’ या दस्तऐवजाने टीसीपीचे नियम ठरवले. समजा, संवाद चालू असताना एक यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले. त्याची स्मृती पुसली गेली, पण पलीकडचे यंत्र जुनाच संवाद पुढे रेटत राहिले. अशा वेळी ‘ही जोडणी माझ्या ओळखीची नाही’ असे प्रामाणिक उत्तर म्हणजे आरएसटी.

३/ १९८३ मध्ये बर्कलीच्या ‘४.२ बीएसडी’ युनिक्समधून सॉकेट प्रोग्रामरांच्या हाती आले. पुढे ‘एसओ_लिंगर’ हा पर्याय चालू करून त्याची मुदत शून्य ठेवली, की सॉकेट बंद होताना निरोपाऐवजी थेट आरएसटी जाऊ लागला.

४/ हा मोह का? आधी निरोप घेणाऱ्या बाजूला जोडणीची नोंद काही काळ जपावी लागते. मूळ नियमांनुसार ४ मिनिटे. रीसेटने ती प्रतीक्षा टळते. किंमत मात्र मोठी : न पोहोचलेला डेटा फेकला जातो आणि वाटेत रेंगाळलेली जुनी पॅकेट नव्या जोडणीत शिरू शकतात.

५/ खरा दोष वेगळाच होता. आरएसटी नेमका कोणी पाठवला, हे कोणी पडताळतच नव्हते. क्रमांकाची शक्यता ४ अब्जांहून अधिक असली, तरी स्वीकाराच्या ‘खिडकी’त बसणारा कोणताही क्रमांक चालत असे. २००४ मध्ये पॉल वॉटसन यांनी दाखवले, की त्यामुळे अंदाजाने जोडणी तोडणे वाटते तितके अवघड नाही.

६/ २००६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना आढळले, की चीनची ‘ग्रेट फायरवॉल’ नको असलेला मजकूर अडवत नाही. दोन्ही टोकांना बनावट आरएसटी पाठवते. दोघांनीही त्यांकडे दुर्लक्ष केल्यास मजकूर सुखरूप पोहोचत असे!

७/ २००७ मध्ये अमेरिकेत कॉमकास्ट कंपनी बिटटोरंटच्या जोडण्या याच युक्तीने तोडत असल्याचे उघड झाले. २००८ मध्ये दूरसंचार आयोगाने ते थांबवण्याचा आदेश दिला. २०१० मध्ये न्यायालयाने तो आदेशच रद्द ठरवला.

८/ त्याच वर्षी ‘आरएफसी ५९६१’ने आरएसटीचा क्रमांक तंतोतंत जुळण्याची अट घातली. दुरून अंदाज बांधणारा त्याने रोखला गेला. वाटेवर बसून क्रमांक वाचणारा मात्र नाही.

९/ त्यावरचा उपाय मे २०२१ मधील ‘क्विक’ या प्रोटोकॉलमध्ये दिसतो. स्मृती गमावलेले यंत्र तिथेही ‘ओळख नाही’ असे सांगू शकते, पण सोबत आधीच ठरलेली १६ बाइटची गुप्त खूण दाखवावी लागते. १९८१ मध्ये केवळ शब्दावर विश्वास होता. चाळीस वर्षांनी त्याच शब्दाला पुरावा द्यावा लागतो.