मिठागरापासून सातपूरपर्यंत : उष्णता उपसण्याची गोष्ट

सातपूर-अंबडच्या कुठल्याही खाद्यपदार्थांच्या कारखान्यामागे एक चक्कर मारा. एका कोपऱ्यात बॉयलर धडधडतोय, इंधन जाळून पाणी तापवतोय. पन्नास पावलांवर चिलर चालू आहे, तो आतली उष्णता काढून कूलिंग टॉवरमधून हवेत सोडतोय. एकीकडे उष्णता विकत घ्यायची, दुसरीकडे फुकट फेकायची. या कामात माझी पंचवीस वर्षं गेली, आणि बरीच वर्षं मलाही यात काही वावगं वाटलं नाही.

यावरचा उपाय आपल्या एमआयडीसीपेक्षा शंभर वर्षांनी जुना आहे. एमआयडीसी स्थापन झाली 1962 मध्ये. 1852 मध्ये लॉर्ड केल्विन यांनी मांडलं होतं की यंत्राने उष्णता कमी तापमानाकडून जास्त तापमानाकडे चढवता येते. विहिरीवरची मोटर पाणी तयार करत नाही, खालचं वर चढवते. हीट पंप उष्णतेचं तेच करतो. पुढे काही वर्षांतच ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी एबेनझे इथल्या मिठाच्या कारखान्यात वाफ दाबून पुन्हा वापरण्याचा प्रयोग केला. कशासाठी? सरपण वाचवायला! म्हणजे हीट पंप जन्माला आला तोच कारखान्यात. घरं-कचेऱ्यांत तो नंतर आला. कोळसा नसलेल्या स्वित्झर्लंडने त्याला हात दिला. 1870च्या दशकात बेक्सचं मिठागर, 1938 मध्ये झुरिकची नगरपालिका इमारत.

मग स्वस्त तेल आलं आणि सगळे हे विसरले. 1973च्या तेलसंकटाने पुन्हा आठवण करून दिली. त्याच दशकात बोडो लिनहॉफ यांनी ‘पिंच’ पद्धत आणली. कारखान्यातल्या सगळ्या गरम आणि थंड प्रवाहांचा एकत्र आलेख काढायचा. ते जिथे सर्वांत जवळ येतात तो पिंच. त्याच्या वर उष्णता कमी पडते, खाली जास्त होते. म्हणून हीट पंपाने पिंचच्या खालून उष्णता उचलून वर द्यायची. दोन्ही टोकं वरच्या बाजूला बसवली तर तो फक्त महागडा हीटर होतो. दोन्ही खाली बसवली तर फेकायची उष्णता आणखी वाढते. आजची सॉफ्टवेअर हाच हिशेब करतात, फक्त वर्षाच्या 8,760 तासांपैकी प्रत्येक तासाचा.

तासाचा हिशेब कशाला, ते आकड्यांत बघू. आकडे मी सोयीसाठी धरलेत, तुम्ही तुमच्या बिलावरचे घाला. वीज 9 रुपये युनिट. हीट पंपाने 1 युनिट विजेत 65 अंशांच्या पाण्यासाठी 3 युनिट उष्णता दिली, तर उष्णता पडली 3 रुपये युनिट. डिझेल 90 रुपये लिटर धरलं तर बॉयलरची उष्णता साडेदहा रुपयांच्या आसपास. इथे पंप सहज जिंकतो. पण ब्रिकेट 7 रुपये किलो असेल आणि किलोमागे 3 युनिट पदरात पडत असतील, तर खर्च 2 रुपये 30 पैसे. इथे पंप हरला!

थांबा, हिशेब अर्धाच झालाय. तोच पंप दुसऱ्या बाजूने 2 युनिट थंडावा देतो. त्यासाठी चिलरला अर्धं युनिट वीज लागली असती, म्हणजे साडेचार रुपये वाचले. आता उष्णता पडली दीड रुपया. पंप ब्रिकेटलाही भारी पडला. अट एकच, गरम आणि थंड एकाच वेळी लागलं पाहिजे, नाहीतर मध्ये साठवणीची टाकी हवी.

हीच अट न तपासल्याने एका युनिटमध्ये (नाव सांगत नाही) बसवलेला पंप मी बंद पडलेला पाहिलाय. थंडावा लागायचा दुपारी, धुलाईचं गरम पाणी रात्री. माहितीपत्रकातला आकडा खरा होता, पण तो त्यांच्या दिवसाचा नव्हता. मालक आजही म्हणतात, "हीट पंप आपल्याकडे चालत नाही." चुकीच्या जागी बसलेलं एक यंत्र आजूबाजूच्या दहा जणांचा विश्वास घालवतं.

नाशिकला हे जास्त लागू आहे. 2001च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूर, दिंडोरीकडे वायनरी वाढल्या. जानेवारी ते मार्च हंगामात आंबवणीच्या टाक्या थंड ठेवायच्या आणि टाक्या-पिंपं धुवायला गरम पाणीही हवं. दूध घ्या, 72 अंशांना पाश्चराइज करून लगेच 4 अंशांवर आणायचं. गरम-थंड शेजारी शेजारी!

तेव्हा कारखानदार मित्रांनो, कोटेशन मागवण्याआधी मोजा. किती पाणी, किती अंश, किती वाजता. एक हंगामभर नोंद ठेवा. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं प्रोजेक्ट शोधत फिरतात, त्यांना या नोंदी देऊन मॉडेल करायला सांगा. संगणकात चुकलं तर एक संध्याकाळ जाते, कारखान्यात चुकलं तर कर्जाचे हप्ते मागे लागतात.

तुमच्याकडे बॉयलर आणि चिलर दोन्ही आहेत का? किती वाजता काय चालतं, खाली लिहा. हिशेब मिळून करू.