डायरेक्ट-इनडायरेक्टची कुळकथा

ज्युलिअस सीझरने गॉलच्या स्वारीची हकीकत लिहिली, तीत माणसे पुष्कळ बोलतात. हेल्वेटियांचा दिविको येऊन दमदाटी करतो, जर्मनांचा अरिओविस्टस तोऱ्यात उत्तरे देतो. पण त्यांच्या तोंडचे शब्द सीझर जसेच्या तसे देत नाही. अमुक असे म्हणाला, तमुक तसे म्हणाला, या चौकटीत बसवून तो सगळे स्वतःच्या गद्यात सांगतो. शत्रूचे बोलणे आपल्या ताब्यात ठेवण्याची ही सेनापतीची युक्ती म्हणायची. रोमन लोक या शैलीला ‘ओरातिओ ओब्लीक्वा’ म्हणजे तिरपे बोलणे म्हणत. थेट बोलणे ते ‘ओरातिओ रेक्टा’. शाळेत ‘चेंज द नॅरेशन’ सोडवताना आपण ज्याच्याशी झटापट केली, त्याचे हे मूळपुरुष.

लॅटिनमध्ये हे काम भलतेच किचकट. मुख्य विधानाचा कर्ता द्वितीयेत जातो, क्रियापद नुसत्या धातुरूपात उरते, पोटवाक्यातल्या क्रियापदाचे रूपच बदलावे लागते. वर आणखी नियम असा, की मुख्य क्रियापद भूतकाळी असेल तर पोटवाक्यानेही मुकाट्याने त्याच्या मागे जायचे. इंग्लंडातले ‘ग्रामर स्कूल’ म्हणजे लॅटिनचे व्याकरण घोटवणारी शाळा. विल्यम लिलीच्या नावाचे व्याकरण आठव्या हेन्रीच्या हुकुमाने तिथे लागले. सीझरचा उतारा घेऊन तिरप्याचे सरळ करायचे, हा उद्योग पुढे तिथल्या पोरांच्या पाचवीलाच पुजला.

इंग्रजीचे पहिले व्याकरण विल्यम बुलोकरने १५८६ मध्ये छापले, तेही लॅटिनच्याच साच्यावर. इंग्रजीला हा लॅटिन अंगरखा बसत नाही, अशी तक्रार जॉन वॉलिसने १६५३ मध्ये केली. ती त्याने लॅटिनमध्ये केली!

इंग्रजीतली काळ मागे सरकवण्याची खोड मात्र लॅटिनकडून उसनी घेतलेली म्हणता येत नाही. जुन्या इंग्रजीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना क्रियापदाचे वेगळे, संशयदर्शक रूप वापरत. जर्मनमध्ये ते आजही आहे. इंग्रजीत ती रूपे झिजून गेली आणि भूतकाळ तेवढा शिल्लक राहिला. म्हणजे खोड घरचीच, तिचा तक्ता करून पाठ करून घेण्याची शिस्त लॅटिनच्या वर्गातली.

हिंदुस्थानात हा तक्ता आला तो नेसफील्डच्या आणि पुढे रेन-मार्टिनच्या व्याकरणातून. यातला रेन म्हणजे मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरी केलेला पी. सी. रेन. फ्रेंच ‘फॉरेन लीजन’वरची ‘बो जेस्ट’ ही त्याची कादंबरी १९२४ मध्ये गाजली. त्याच साली डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सनने ‘फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’मध्ये या काळबदलाची चिकित्सा केली. आपल्याकडे घरोघरी पोहोचला तो रेन.

आपल्या मुलांचे अडते ते याच काळबदलापाशी. ‘ही सेड, आय अॅम टायर्ड’ याचे ‘ही सेड दॅट ही वॉज टायर्ड’ व्हायला हवे; मुले ‘वॉज’च्या जागी ‘इज’ लिहितात आणि लाल रेघ येते. मराठीत ‘तो म्हणाला, मी दमलोय’ याला ‘की’ जोडला की झाले. ‘मी’ तसाच, काळही तसाच. फार तर ‘आपण दमलो आहोत असे तो म्हणाला’. मोडीतल्या कागदांत तर अवतरणचिन्हेही नव्हती. बोलणे संपल्याची खूण ‘ऐसे’ आणि ‘म्हणोन’ करून देत. चिन्हे आली मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर, त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० ची. मराठीने चिन्हे घेतली, काळाचा तक्ता घेतला नाही, आणि तिचे काही बिघडलेले नाही.

मार्कांसाठी तक्ता पाठ करावाच. पण सांगितलेली गोष्ट अजूनही खरी असेल तर इंग्रजीतही क्रियापद वर्तमानकाळात ठेवलेले चालते. सूर्य पूर्वेला उगवतो यासारख्या वाक्यांची सवलत तर खुद्द शाळेच्या व्याकरणातच आहे. ‘शी सेड दॅट शी लिव्ह्ज इन पुणे’ लिहिणाऱ्या मुलाचा अर्धा मार्क कापण्याआधी बाई अजून पुण्यातच राहतात का, एवढे तरी परीक्षकाने पाहावे.